नव्या जुळवलेल्या कॉम्प्युटरमध्ये रॅम त्रास देत असेल तर: दोष शोधायचा क्रम

सगळे भाग जोडले, बटण दाबलं, पंखे फिरले, दिवे लागले, पण स्क्रीन काळीच. किंवा विंडोज सुरू झालं, तासभर नीट चाललं आणि अचानक ब्लू स्क्रीन आली. घरी कॉम्प्युटर जुळवणाऱ्यांना या दोन गोष्टी हमखास भेटतात आणि बहुतेकांचा पहिला संशय रॅमवर जातो. संशय रास्त आहे, पण त्यातून काढला जाणारा निष्कर्ष अनेकदा चुकतो. नव्या जोडणीत रॅमची पट्टी स्वतः नादुरुस्त निघण्यापेक्षा ती नीट न बसणं, चुकीच्या स्लॉटमध्ये असणं किंवा न झेपणाऱ्या वेगाने चालवली जाणं, हे कितीतरी जास्त वेळा घडतं. खराब पट्ट्याही येतातच. मात्र ते सिद्ध करायचा एक क्रम आहे. तो सोडला तर चांगली रॅम परत पाठवली जाते आणि दोष मशीनमध्येच राहतो.

या क्रमाचा पाया एवढाच: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं, काय झालं ते कागदावर लिहा. पट्ट्यांची अदलाबदल, बायॉसचं (मशीन सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरचं) अपडेट आणि वेगाची सेटिंग एकाच फेरीत केली आणि मशीन सुरू झालं, तर बरं वाटतं खरं, पण नेमकं कशाने सुरू झालं ते कळत नाही. दोन आठवड्यांनी तोच त्रास परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आधी लक्षण नीट ओळखा

रॅमच्या तक्रारी चार प्रकारच्या असतात आणि प्रत्येकीची वाट वेगळी आहे. मशीन सुरूच होत नाही. सुरू होतं, पण रॅम कमी दाखवतं. रॅम पूर्ण दिसते, पण खोक्यावर लिहिलेल्या वेगापेक्षा हळू चालते. आणि चौथी, सगळ्यांत छळणारी: सगळं ठीक दिसतं, पण मशीन मधूनच कोसळतं.

पहिल्या प्रकारात मदरबोर्डवरचे छोटे दिवे पाहा. आजच्या बऱ्याच बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट अशी नावं लिहिलेले चार दिवे असतात. सुरू होताना ते एकापाठोपाठ लागतात आणि विझतात. जिथे अडतं तिथला दिवा लागून राहतो. डीरॅमचा दिवा अडकला तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. व्हीजीएचा अडकला तर रॅमला हात लावण्याआधी ग्राफिक्स कार्ड आणि त्याची पॉवर केबल तपासा. बूटचा अडकला तर रॅम बहुधा ठीक आहे, मशीनला डिस्क सापडत नाहीये. दिवे नसतील आणि बोर्डाला छोटा स्पीकर जोडला असेल तर बीप मोजा. कुठल्या बीपचा काय अर्थ हे मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये असतं आणि ते कंपनीगणिक बदलतं. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात लावण्याऐवजी चुकून मदरबोर्डात तर लावली नाही ना, हेही आत्ताच बघून घ्या.

काळी स्क्रीन: आधी थांबा

डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमच्या मशीनवर पहिल्यांदा बटण दाबल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळी राहणं हा दोष नाही. रॅमशी बोलणारा कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो. पहिल्या सुरुवातीला तो प्रत्येक तारेवरून संदेश पाठवून, परत वाचून, कुठल्या क्षणी वाचलं की आकडा बरोबर येतो हे शोधतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर५चा वेग जास्त असल्याने ही जुळणी फार बारकाईची असते, आणि रॅम जितकी जास्त तितका वेळही जास्त. एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा) बोर्डांवर हे विशेष जाणवतं. या काळात डीरॅमचा दिवा पेटलेला असतो आणि मशीन मध्येच एकदोनदा स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरूही होतं.

घाबरून मध्येच वीज बंद केली तर ट्रेनिंग पहिल्यापासून सुरू होतं. पंधरा मिनिटं घड्याळ लावून सोडून द्या. रॅम बदलल्यावर, बायॉस अपडेट केल्यावर किंवा सीमॉस (बायॉसच्या सेटिंग साठवणारी जागा) पुसल्यावरही ही प्रतीक्षा पुन्हा करावी लागते. पुढच्या सगळ्या चाचण्यांमध्ये हे लक्षात ठेवा, नाहीतर चांगल्या पट्टीलाही तुम्ही नापास कराल.

पट्टी काढून पुन्हा बसवा

पंधरा मिनिटांनंतरही काही नाही, तर मशीन उघडा. पॉवर सप्लायचं मागचं बटण बंद, वायर भिंतीतून काढलेली, मग कॅबिनेटचं पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज संपवा. पट्टी हातात घेण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा आणि पट्टी कडांनी धरा.

स्लॉटचे खटके पाहा. पुष्कळ बोर्डांवर खटका एकाच टोकाला असतो आणि दुसरं टोक स्थिर असतं. अशा स्लॉटमध्ये खटक्याच्या बाजूने टक् आवाज येतो, पट्टी बसली असं वाटतं, पण स्थिर टोक केसभर वर राहिलेलं असतं. पट्टीची खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवा, दोन्ही टोकांवर अंगठे ठेवा आणि सरळ खाली दाबा. नव्या स्लॉटला अपेक्षेपेक्षा बराच जोर लागतो. बसल्यावर बाजूने पाहा: सोनेरी पट्टा एका बाजूला जास्त दिसत असेल तर पट्टी तिरकी आहे. प्रोसेसरवरचा मोठा कूलर किंवा त्याचा पंखा जवळच्या पट्टीवर टेकत असेल तर तीही तिरकी होते. तेव्हा पंखा वर सरकवा.

खाच जुळतच नसेल तर जोर लावू नका. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ पिन असतात, पण खाचेची जागा वेगळी असते आणि एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. काही प्रोसेसर दोन्ही प्रकार चालवतात, पण मदरबोर्ड सहसा एकाच प्रकारासाठी बनलेला असतो. स्वस्तात मिळाली म्हणून सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम घेतली असेल तर ती घरगुती बोर्डावर चालणार नाही, कितीही वेळा बसवली तरी.

कोणता स्लॉट?

चार स्लॉट आणि दोन पट्ट्या असतील तर जवळपास सगळ्या बोर्डांवर त्यांची जागा प्रोसेसरपासून मोजल्यास दुसरी आणि चौथी असते. बोर्डावर त्यांची नावं ए२ आणि बी२ अशी छापलेली असतात. मॅन्युअलमधला तक्ता अंतिम मानायचा. कारण असं की बहुतेक बोर्डांवर एका चॅनेलच्या (प्रोसेसर आणि रॅम यांच्यातल्या एका वाटेच्या) तारा आधी जवळच्या स्लॉटला आणि तिथून पुढे लांबच्या स्लॉटला जातात. पट्टी जवळच्या स्लॉटमध्ये बसवली तर पुढचा रिकामा तुकडा लोंबकळत राहतो. संदेश त्याच्या टोकावर आपटून परत येतो आणि खऱ्या संदेशात मिसळतो. कमी वेगाला हे खपून जातं, जास्त वेगाला नाही. म्हणूनच चुकीच्या स्लॉटमधली रॅम बऱ्याचदा मूळ वेगाने निमूट चालते आणि वेग वाढवला की कोसळते. दोन्ही पट्ट्या पहिल्या-दुसऱ्या किंवा तिसऱ्या-चौथ्या अशा शेजारच्या स्लॉटमध्ये बसवल्या तर त्या एकाच चॅनेलवर येतात आणि मशीन विनाकारण मंद होतं.

एकेक पट्टी, एकेक स्लॉट

इथे कागद कामाला येतो. दोन्ही पट्ट्यांवर पेन्सिलीने १ आणि २ लिहिलेल्या छोट्या चिकटपट्ट्या लावा. पहिली एकटीच ए२मध्ये लावून सुरू करा, ट्रेनिंगसाठी थांबा, निकाल लिहा. मग ती काढून दुसरी त्याच ए२मध्ये. मग दोन्ही आळीपाळीने बी२मध्ये.

चार निकाल हातात आले की चित्र बहुधा स्पष्ट होतं. एकच पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये नापास होत असेल तर पट्टीवर संशय पक्का. दोन्ही पट्ट्या एकाच स्लॉटमध्ये नापास होत असतील तर पट्ट्या निर्दोष. दोष त्या स्लॉटच्या वाटेवर कुठेतरी आहे. चारही वेळा पास, पण दोन्ही मिळून लावल्या की बिघडत असेल, तर बहुधा वेगाचा किंवा जुळणीचा प्रश्न आहे. चारही वेळा नापास असेल तर दोन्ही पट्ट्या एकाच वेळी मेल्याची शक्यता फार कमी. बायॉस, प्रोसेसर, सॉकेट यांच्याकडे वळा.

स्लॉटच्या वाटेवर दोष म्हणजे प्रत्यक्षात बहुतेक वेळा प्रोसेसरचं सॉकेट. रॅमच्या तारा थेट प्रोसेसरला जातात. इंटेलच्या आणि एएमडीच्या एएम५ सॉकेटमध्ये पिन बोर्डावर असतात आणि त्यातली एक वाकली तरी अख्खं चॅनेल गायब होऊ शकतं. कूलरचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळले तरी प्रोसेसर एका कडेला पुरेसा टेकत नाही आणि परिणाम तसाच दिसतो. म्हणून आधी कूलर काढून तो तिरप्या जोड्यांनी, थोडाथोडा फिरवत, सगळीकडे सारखा आवळून पाहा, आणि थर्मल पेस्ट नव्याने लावा. तरीही चॅनेल दिसलं नाही तर प्रोसेसर उचलून सॉकेटवर तिरपा उजेड टाका. सगळ्या पिन एकाच ओळीत, एकाच कोनात चमकल्या पाहिजेत. वाकलेली पिन दिसली आणि बोर्ड नवा असेल, तर ती स्वतः सरळ करण्याआधी विक्रेत्याशी बोला.

सीमॉस आणि बायॉस

पट्टी आणि स्लॉट यांची कुठलीच जोडी चालत नसेल तर सीमॉस पुसा. बोर्डावर त्यासाठी बटण किंवा दोन पिन असतात. नसतील तर वीज काढून सीआर२०३२ नावाची गोल बॅटरी काही मिनिटं बाहेर ठेवा. वेगाची चुकीची सेटिंग साठून राहिली असेल तर ती जाते.

त्यानंतर बायॉस. नव्या बोर्डाच्या पेटीतली बायॉस आवृत्ती अनेकदा कित्येक महिने जुनी असते, आणि रॅमची सुसंगतता ज्या कोडवर अवलंबून आहे तो कोड सर्वांत जास्त सुधारला जातो तो नेमका पहिल्या वर्षभरात. डीडीआर५ मशीनच्या बाबतीत तर बायॉस अपडेट हा मी ऐच्छिक मानत नाही. मशीन सुरूच होत नसेल तर बोर्डाच्या मागे फ्लॅशबॅकचं बटण आहे का ते बघा. त्याने रॅम आणि प्रोसेसर न लावताही पेन ड्राइव्हवरून बायॉस बदलता येतो.

रॅम कमी दिसते, किंवा हळू चालते

ही दोन लक्षणं लवकर निकालात निघतात. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि मग मेमरी उघडा. किती स्लॉट वापरात आहेत, वेग किती आहे आणि हार्डवेअरसाठी किती रॅम राखून ठेवली आहे, हे तिथे दिसतं. ३२ ऐवजी १६ जीबीच दिसत असेल तर बायॉसमध्येही तेवढीच दिसते का ते पाहा. बायॉसमध्येही कमी असेल तर वर सांगितलेली स्लॉटची तपासणी करा. बायॉसमध्ये पूर्ण आणि विंडोजमध्ये कमी असेल, तर तीन शक्यता: प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सने वाटा घेतला आहे, विंडोज ३२ बिटचं आहे, किंवा सिस्टम कॉन्फिगरेशनच्या बूट विभागातल्या प्रगत पर्यायांत कमाल मेमरीच्या चौकटीत खूण झाली आहे. ती खूण काढायची असते.

वेगाबद्दल बरेच गैरसमज आहेत. खोक्यावर वेग म्हणून लिहिलेला ६०००सारखा आकडा पट्टीला मुळातून मिळालेला वेग नाही; तो कंपनीने तपासून दिलेली एक प्रोफाइल, म्हणजे सेटिंगचा संच आहे. इंटेलच्या बोर्डांवर तिला एक्सएमपी म्हणतात, एएमडीच्या डीडीआर५ बोर्डांवर एक्स्पो. ती बायॉसमधून चालू करेपर्यंत रॅम प्रमाणित वेगाने चालते, म्हणजे डीडीआर५ साधारण ४८०० किंवा ५६००ला आणि डीडीआर४ २१३३ ते ३२००च्या दरम्यान. सीपीयू-झेडसारख्या प्रोग्राममध्ये निम्मा आकडा दिसला तर बिचकू नका; डीडीआर एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते, आणि तो प्रोग्राम ठोके मोजतो. इंटेलच्या एच६१०सारख्या साध्या चिपसेटवर (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपवर) प्रोसेसरच्या प्रमाणित मर्यादेवर वेग जातच नाही. तिथे महाग रॅम घेऊन काही साधत नाही.

मधूनच कोसळणारं मशीन

आता खरा कस लागतो. लक्षणं अशी: ब्लू स्क्रीनवर मेमरी मॅनेजमेंट किंवा पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया असे वेगवेगळे संदेश, आणि प्रत्येक वेळी दोष वेगळ्याच फाइलवर, मोठी झिप उघडताना ती खराब असल्याची तक्रार, विंडोज बसवतानाच मध्ये अडकणं. एकच संदेश सतत, एकाच ड्रायव्हरच्या नावाने येत असेल तर ते बहुधा रॅमचं नाही. दर वेळी रूप बदलणारा दोष मात्र रॅमकडे बोट दाखवतो.

पहिलं पाऊल: एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करा आणि मूळ वेगावर तपासा. ही एकच चाचणी सगळ्यात जास्त सांगून जाते. मूळ वेगावरही चुका येत असतील तर कुठेतरी खराबी आहे. मूळ वेगावर मशीन स्वच्छ चालत असेल तर पट्टी मेलेली नाही. जाहीर वेग तुमचा प्रोसेसर, बोर्ड आणि पट्ट्या या तिघांना मिळून झेपत नाहीये.

तपासणीसाठी विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिक सोयीचं आहे, पण त्याने पास केलं म्हणून मी विश्वास ठेवत नाही. मेमटेस्ट८६ किंवा मुक्त स्रोतातलं मेमटेस्ट८६प्लस पेन ड्राइव्हवर टाका आणि त्यावरून मशीन सुरू करा. ही दोन वेगळी सॉफ्टवेअर आहेत, नावं सारखी असली तरी. डीडीआर५साठी मेमटेस्ट८६प्लसची सहावी किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्या. पेन ड्राइव्हवरून सुरू होत नसेल तर बायॉसमधलं सिक्युअर बूट तेवढ्यापुरतं बंद करा. मेमटेस्ट८६च्या मोफत आवृत्तीत चार फेऱ्या होतात. त्या पूर्ण होऊ द्या. ३२ जीबीला यात कित्येक तास जातात, म्हणून रात्री लावून ठेवणं बरं.

निकाल वाचताना सूट देऊ नका. १६ जीबी रॅममध्ये सुमारे १३,७४४ कोटी बिट असतात, आणि त्यातला एक जरी चुकीचा वाचला गेला तरी ती चाचणी नापासच. ‘एवढ्या फेऱ्यांत एकच चूक आली, चालायचंच’ असं म्हणून सोडून दिलेली चूकच पुढे फोटोंच्या आणि हिशोबाच्या फायलींत शिरते, कुठलाही इशारा न देता. डीडीआर५मध्ये चिपच्या आत चूक दुरुस्त करायची सोय असते, पण ती चिपपुरती. चिप ते प्रोसेसर या वाटेवरची चूक ती पकडत नाही. अपवाद एकच: मेमटेस्ट८६च्या फक्त १३ क्रमांकाच्या हॅमर चाचणीत चूक आली आणि बाकी सगळं स्वच्छ असेल, तर तो मेमरीवर मुद्दाम टाकलेल्या टोकाच्या ताणाचा परिणाम असतो, त्याला इतर चुकांइतकं वजन देऊ नये.

चुका पुन्हापुन्हा त्याच पत्त्यावर येत असतील तर चिपमधला कोपरा खराब आहे. पत्ते दर वेळी वेगळे आणि विखुरलेले असतील तर वेग, व्होल्टेज किंवा संपर्क यांच्याकडे बघा. चुका आल्या की पुन्हा एकेक पट्टी, एकेक स्लॉट, हीच चाचणी.

वेग झेपत नसेल तेव्हा

आधी पट्ट्या किती आणि कुठल्या ते पाहा. चार पट्ट्या दोनपेक्षा प्रोसेसरला बऱ्याच जड जातात. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेचा अधिकृत वेग दोन डीडीआर५ पट्ट्यांना ५२०० आहे, आणि चार पट्ट्यांना थेट ३६००. म्हणजे चार पट्ट्यांवर ६०००चा वेग चालला नाही तर कुणी फसवलेलं नाही. ६४ जीबी हवी असेल तर ३२च्या दोन घ्या. दोन वेगवेगळ्या किट (एकत्र विकल्या जाणाऱ्या पट्ट्यांचे संच) एकत्र करणं हीसुद्धा तशीच अडचण. नाव, वेग, रंग सारखे असले तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात, आणि कंपनीने त्या चारही पट्ट्या एकत्र तपासलेल्या नसतात. बोर्डाच्या संकेतस्थळावर क्यूव्हीएल नावाची यादी असते. त्यात तुमचं किट अचूक मॉडेल क्रमांकासह आहे का ते पाहा. यादीत नसलेलं किट चालत नाही असं नव्हे, पण असलेल्याची चाचणी झालेली आहे.

मग वेग एकेक पायरी खाली आणा: ६०००वरून ५८००, मग ५६००. प्रत्येक पायरीला मेमटेस्ट. रोजच्या वापरात या दोन पायऱ्यांचा फरक जाणवणं कठीण. स्थिरता मात्र लगेच जाणवते. सुरू व्हायला लागणारा वेळ वाचवणारा मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर हा पर्याय तपासणी संपेपर्यंत बंद ठेवा, कारण तो जुनं ट्रेनिंगच पुन्हा वापरतो.

व्होल्टेज वाढवून वेग जबरदस्तीने टिकवण्याचे सल्ले जागोजागी मिळतात. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. २०२३मध्ये एएम५ बोर्डांवर प्रोसेसर जळाल्याच्या घटनांनंतर एएमडीने बायॉसमधूनच एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणाऱ्या व्होल्टेजवर) १.३ व्होल्टची मर्यादा घातली. त्या सुधारणेआधीचा बायॉस असेल तर एक्स्पो चालू करण्याआधी तो बदलाच.

मेमटेस्ट स्वच्छ, तरी मशीन कोसळतं

मग फक्त रॅमवर अडून राहू नका. प्राइम९५ची ब्लेंड चाचणी काही तास लावून प्रोसेसर आणि रॅम दोन्हींवर एकदम ताण टाकून पाहा. ग्राफिक्स कार्डाच्या उष्णतेत बिघडणारी पट्टी मेमटेस्टमध्ये कधीकधी सापडत नाही, कारण तेव्हा कार्ड थंड असतं. गेम खेळतानाच चुका येत असतील तर कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून तोच गेम खेळून बघा.

इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर एक गोष्ट नक्की तपासा. या प्रोसेसरांत जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू झीज होत असल्याचं २०२४मध्ये इंटेलने मान्य केलं, आणि ऑगस्ट २०२४पासून दुरुस्त मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला मूळ कोड) बायॉसमार्फत दिला. त्याची लक्षणं हुबेहूब रॅमसारखी होती. काही गेम तर व्हिडिओ मेमरी संपल्याचा संदेश देऊन बंद पडत. बायॉस अद्ययावत करा. आधी झालेली झीज मात्र त्याने भरून येत नाही. अशा वेळी प्रोसेसर वॉरंटीत बदलून घ्यावा लागतो, आणि इंटेलने त्यासाठी मुदत दोन वर्षांनी वाढवली आहे.

दोष सापडल्यावर

खराब रॅमवर बसवलेलं विंडोज तसंच ठेवू नका. फायली डिस्कवर लिहिल्या गेल्या तेव्हाच चुकीच्या लिहिल्या गेलेल्या असू शकतात. एसएफसी आणि डिझम या कमांडने सिस्टम फायली तपासता येतात, पण मशीन नवंच आहे, त्यामुळे विंडोज नव्याने बसवणं सरळ. त्या काळात त्या मशीनवरून घेतलेल्या बॅकअपवरही भरवसा ठेवू नका. मूळ प्रती जिथे असतील तिथून फायली पुन्हा आणा.

पट्टी परत पाठवायची असेल तर मेमटेस्टच्या निकालाचा फोटो, पट्टीवरचा अनुक्रमांक आणि तुमच्या चार चाचण्यांचा कागद सोबत द्या. दोन पट्ट्यांचं किट असेल तर एकच खराब असली तरी दोन्ही पाठवाव्या लागतात, कारण त्या जोडीने तपासलेल्या असतात. तोवर मशीन लागणारच असेल, तर तात्पुरती दुसरी एखादी पट्टी ए२मध्ये मूळ वेगावर लावा. नवं किट आलं की विंडोज बसवण्याआधी पुन्हा एक रात्र मेमटेस्ट, आधी एक्स्पो बंद ठेवून आणि मग चालू करून.